आज्जी, चार वर्षांचा मुलगा आणि शोभेचं दारूकाम: गड्ड्यातली एक संध्याकाळ कशी आखावी

पहिला औटगोळा फुटला तेव्हा माझी मुलगी पाच वर्षांची होती. दोन्ही हात कानांवर दाबून ती माझ्या पदरात शिरली ती बाहेरच येईना. सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेत आम्ही होम मैदानाच्या मधोमध उभे होतो. "जवळनं बघूया की" हा हट्ट माझा. सासूबाईंचा गुडघा ठणकत होता, टेकायला जागा नव्हती आणि मागे वळून बघावं तर माणसंच माणसं. बाहेर पडायला अर्धा तास लागला. त्या अर्ध्या तासात आमच्यापैकी एकानंही मान वर करून आभाळाकडे बघितलं नाही. घरी आल्यावर सासूबाई एवढंच म्हणाल्या, "अगं, आमच्या लहानपणी आम्ही माळवदावरनं बघायचो. तिथनं सगळं दिसायचं."

माळवद म्हणजे जुन्या घराचं मातीचं सपाट छप्पर. त्यांचं ते वाक्य मी धरून ठेवलं. शोभेचं दारूकाम आभाळात होतं, ते बघायला मैदानाच्या मध्यात जायची गरज नसते. जागा निवडायची ती घरातल्या सगळ्यात लहान कानांसाठी आणि सगळ्यात थकलेल्या गुडघ्यांसाठी. डोळ्यांची सोय मग आपोआप होते. आता आम्ही दरवर्षी जातो, म्हातारी आणि लहान दोघांनाही घेऊन. कसं जातो ते सविस्तर लिहिते.

आधी दिवस पक्का करा

सिद्धेश्वर यात्रेचे दिवस संक्रांतीला बांधलेले आहेत. अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक आधी होतो. भोगीला संमती कट्ट्यावर अक्षता सोहळा, संक्रांतीला होम, आणि किंक्रांतीच्या रात्री शोभेचं दारूकाम. नंदीध्वजांची, म्हणजे मिरवणुकीतल्या उंच मानाच्या काठ्यांची, वस्त्रं उतरवण्याचा कप्पडकळ्ळीचा विधी त्यानंतर. बऱ्याच वर्षी दारूकाम १५ जानेवारीला येतं, पण संक्रांत १५ तारखेला असेल तर सगळंच एक दिवस पुढे सरकतं. त्यामुळे गेल्या वर्षीच्या तारखेवर विसंबून पाहुण्यांना तिकिटं काढायला सांगू नका. कॅलेंडरात संक्रांत बघा आणि तिथून एक दिवस पुढे मोजा. आदल्या दोन दिवसांत स्थानिक वर्तमानपत्रात वाहतुकीतले बदल छापून येतात. ते कात्रण मी फ्रीजवर लावते, कारण कुठला रस्ता किती वाजता बंद होणार यावर पुढचं सगळं ठरतं.

बाहेरगावचे पाहुणे असतील तर दोन शब्द आधीच सांगून ठेवा. पुण्यात वाढलेल्या माझ्या भाच्यांना ‘दारूकाम’ म्हणजे काय ते उमगेना. इथली दारू म्हणजे फटाक्यातली, तोफेतली. आणि ‘गड्डा’ म्हणजे यात्रेनिमित्त होम मैदानावर भरणारी जत्रा: पाळणे, खेळणी, बांगड्या, भांडी, खाऊची दुकानं.

मुलांना गोष्टही आधीच सांगावी. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी इथे तळं खोदवलं, लिंगं स्थापली. एका कुंभाराच्या मुलीनं त्यांच्याशी लग्नाचा हट्ट धरला, तेव्हा त्यांनी आपल्या योगदंडाशी विवाह करायला सांगितलं. अक्षता सोहळा हा त्याच लग्नाचा. नंदीध्वज हे त्या योगदंडाचं प्रतीक. ही गोष्ट माहीत असली की पांढऱ्या बाराबंदीतले भक्त उंच नंदीध्वज पेलत येताना मुलं नुसती गर्दी बघत नाहीत, काहीतरी ओळखीचं बघतात. "एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र" हा गजर आमचा धाकटा घरातच आठवडाभर आधी सुरू करतो.

गड्डा आणि दारूकाम एकाच दिवशी नको

शहरातच राहत असाल तर गड्डा वेगळ्या दिवशी उरका. किंक्रांतीच्या संध्याकाळी पाळण्यात बसायचं, खेळणी घ्यायची, भजी खायची, वर दारूकाम बघायचं असं ठरवलं तर चार वर्षांचं मूल आठ वाजेपर्यंत पेंगायला लागतं आणि पहिल्या आवाजाला घाबरून उठतं. झोपेतून आवाजानं उठलेलं मूल शांत करणं फार अवघड. आम्ही गड्ड्याला आडवारी, दुपारी चार ते सहा या वेळात जातो. उजेड असतो, गर्दी बेताची असते आणि पाळणेवाल्यालाही सावकाश चालव म्हणून सांगता येतं.

पाहुण्यांना एकच दिवस असेल तर गड्डा सकाळी अकराच्या सुमारास बघावा, दुपारी घरी येऊन मुलांना सक्तीनं झोपवावं आणि पाचला पुन्हा निघावं. दुपारची झोप वगळून ही संध्याकाळ जमत नाही, हे मी दोनदा करून बघितलंय.

गाण्याचा कार्यक्रम जोडायचा असेल तर

सणाच्या दिवसांत शहरात भक्तिगीतांचा, भावगीतांचा एखादा कार्यक्रम बहुधा असतोच. हुतात्मा स्मृती मंदिर होम मैदानाच्या जवळच आहे, त्यामुळे तिथे संध्याकाळचा कार्यक्रम असला की गाणं ऐकून तसंच दारूकामाला जायचा मोह होतो. जमतं, पण चार गोष्टी सांभाळून.

कार्यक्रम लवकरचा हवा, पाच-साडेपाचचा. सातनंतरचा असेल तर दोन्हीपैकी एकच निवडा. पुढच्या रांगेचा मोह धरू नका. मोठे स्पीकर रंगमंचाच्या दोन्ही बाजूंना असतात, त्यांच्या समोरच्या खुर्च्या लहान मुलांसाठी सगळ्यात वाईट. मध्यभागाच्या थोडं मागे, रांगेच्या टोकाला, दाराच्या बाजूला बसा. मूल कुरकुरलं की एकानं उठून बाहेर जायचं, बाकीच्यांनी बसून राहायचं. कोण उठणार ते आधीच ठरलेलं असू द्या. आमच्याकडे मध्यंतरापर्यंत माझी पाळी, नंतर ह्यांची. त्यामुळे "आता तू जा, आता मी जातो" अशी कुजबुज होत नाही आणि शेजारच्यांचंही गाणं बिघडत नाही.

आज्जी-आजोबांना सभागृहातला तास-दीड तास फार मानवतो. पाठीला टेकायला खुर्ची असते, स्वच्छतागृह जवळ असतं, आणि पुढच्या उभ्या राहण्याआधी पायांना विश्रांती मिळते. सासूबाईंना मी एकदा विचारलं, दोन्हीपैकी एकच ठेवायचं तर काय ठेवू? त्या म्हणाल्या, "गाणं ठेव. दारूकाम काय, मला घरातनंबी ऐकू येतंय." त्या वर्षापासून गाण्याला आमच्याकडे पहिला मान आहे.

शेवटचं गाणं संपायच्या आधी, म्हणजे निवेदक आभार मानायला लागले की उठा. सगळं सभागृह एकदम दाराकडे वळतं तेव्हा काठी टेकत चालणाऱ्या माणसाचा जीव कासावीस होतो.

उघड्यावरचा कार्यक्रम असेल तर घरी जायची वेळ कायद्यानं ठरवूनच दिली आहे. रात्री १० नंतर ध्वनिक्षेपकांना बंदी असते, वर्षातल्या मोजक्या दिवशी सरकार ती १२ पर्यंत शिथिल करतं. मुलं बरोबर असताना मी दहा हीच हद्द धरते.

आणि कुठलाच कार्यक्रम नसला तरी संगीत काही चुकत नाही. नंदीध्वजांच्या मिरवणुकीतली हलगी, सनई आणि बँड हेच त्या दिवसाचं खरं गाणं. मिरवणूक बघायला मात्र वळणावर उभं राहू नका. इतका उंच नंदीध्वज वळवताना भक्तांना जागा लागते आणि गर्दी मागे रेटली जाते. सरळ रस्त्यावर, एखाद्या दुकानाच्या पायरीवर उभं राहिलं की मुलांनाही दिसतं.

जागा निवडणं: यावरच सगळं आहे

आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर. उजेड डोळ्यांपर्यंत लगेच पोचतो, आवाज मागून येतो. आभाळात उजेड दिसला की मनात सावकाश "एक" म्हणा. "एक" म्हणून होतानाच धडाम ऐकू आला तर तुम्ही तीन-साडेतीनशे मीटरवर आहात. उजेड आणि आवाज जवळजवळ एकत्रच आले तर फार जवळ आहात, मागे सरका. मैदानाच्या मध्यात आम्ही होतो तेव्हा "ए" म्हणायलाही सवड नव्हती. आता आम्ही असे बसतो की धाकट्याला पूर्ण "एक" म्हणता येतं. त्याला हा खेळच झालाय. उजेड दिसला की तो ओरडतो "एक!" आणि आवाज येतो. आवाज कधी येणार हे आधी कळलं की भीती निम्मी कमी होते, कारण मुलं आवाजापेक्षा अचानकपणाला जास्त घाबरतात.

अंतर दुप्पट केलं की आवाज साधारण ६ डेसिबलनं उतरतो. म्हणजे पन्नास मीटरवरून शंभरवर आलात तर फरक कानाला लगेच कळतो, आणि आभाळातलं फूल मात्र तेवढंच सुंदर दिसतं. उलट दुरून मान कमी वाकवावी लागते. जवळ उभं राहून अर्धा तास मान मागे टाकून बघितलं की दुसऱ्या दिवशी मानेला तेल चोळत बसावं लागतं. मानेच्या मणक्याचा त्रास असलेल्यांनी तर हे लक्षात ठेवावंच.

मग वारा. सहा-सव्वासहाला सूर्य मावळतो. त्या सुमारास कणसं भाजणाऱ्याच्या शेगडीचा धूर कुठे वळतोय ते बघा. धूर ज्या दिशेला जातोय त्या दिशेला बसू नका. दारूकामाचा सगळा धूर तिकडेच जाणार, आणि औटगोळ्याच्या कागदी कवचाचे जळके तुकडेही तिकडेच पडणार. औटगोळा नळीतून वर फेकला जातो, वर गेल्यावर आतली वात जळत दारूपर्यंत पोचते आणि तो फुटतो. कवच मात्र खालीच येतं. एकदा असा करपलेला पुठ्ठ्याचा तुकडा माझ्या पायाशी पडला होता. बोटभर लांब, कडा अजून लालसर. पायात चप्पल होती आणि मुलीच्या डोक्यावर रुमाल, म्हणून निभावलं. दम्याचा त्रास असलेलं कुणी बरोबर असेल तर वाऱ्याची ही गोष्ट सगळ्यात आधी बघायची. पंप पिशवीत नको, खिशात हवा.

तिसरी गोष्ट म्हणजे बाहेर पडायची वाट. जिथे बसाल तिथून उठून, कुणाच्या अंगावरून न जाता, पन्नास पावलांत मोकळ्या रस्त्याला लागता आलं पाहिजे. मैदानाची कड, रस्त्याचा मोकळा पट्टा, कुठलंही चालेल. बॅरिकेडला पाठ लावून बसू नका. ती जागा रिकामी दिसते म्हणून बरी वाटते, पण गर्दी रेटली की तिथेच माणूस अडकतो.

गच्ची मिळाली तर सोनंच. आसपासच्या पेठेत ओळखीचं घर असेल तर आठवडाभर आधी विचारा आणि जाताना तिळगुळाचा डबा घेऊन जा. दोन गोष्टी मात्र पाळा. कठडा कमरेच्या वर नसेल तर मुलांना वर नेऊ नका, कारण सगळ्यांचे डोळे आभाळात असतात आणि मुलाकडे कुणाचंच लक्ष नसतं. आणि घर जुनं, माळवदाचं असेल तर त्यावर वीस-पंचवीस माणसं चढवू नका. सासूबाईंच्या लहानपणी ती माळवदं नवी होती आणि दरवर्षी नीट डागडुजी व्हायची. आज आतलं लाकूड कसं आहे हे वरून कळत नाही.

कानांची काळजी

भारतात विकल्या जाणाऱ्या फटाक्याला चार मीटर अंतरावर १२५ डेसिबलची मर्यादा आहे. जागतिक आरोग्य संघटना मुलांच्या कानांवर १२० डेसिबलपेक्षा मोठा धडाका पडू नये असं सांगते. हे दोन आकडे शेजारी ठेवले की मुलांना लांब का बसवायचं ते वेगळं सांगावं लागत नाही.

कापसाचा बोळा कानात घालून फार काही होत नाही, आवाज थोडा बोथट होतो इतकंच. लहान मुलांसाठी कानांवर बसणारे इअरमफ घ्या, गाणी ऐकायचे हेडफोन नव्हेत. कारखान्यात वापरतात तसे, पण मुलांच्या मापाचे मिळतात. आणल्यावर ते थेट त्या रात्री घालायचे नाहीत. आठवडाभर आधीपासून घरात मिक्सर लावताना, कुकरची शिट्टी होताना घालायला द्या. आमच्या धाकट्यानं ते घालून पहिल्या दिवशी दहा मिनिटांत फेकून दिले. पाचव्या दिवशी ते घालूनच जेवायला बसला.

वर्षाच्या आतलं बाळ नेऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे. गरोदर बाई, नुकतंच हृदयाचं दुखणं झालेलं माणूस, मोठ्या आवाजानं अस्वस्थ होणारं मूल, यांच्यासाठी लांबची गच्ची किंवा घरच बरं. कुणीतरी त्यांच्याजवळ थांबावं आणि दरवर्षी थांबणारं माणूस तेच नसावं. आमच्याकडे पाळी आहे. घरी कुत्रं असेल तर त्याला आतल्या खोलीत, पंखा किंवा रेडिओ लावून ठेवा.

अंगावर काय, पिशवीत काय

संक्रांतीला काळं नेसायची आपली रीत, आणि मुलांना तर हौसेनं काळं झबलं, काळा फ्रॉक. बोरन्हाणाला ते अगदी शोभतं. पण रात्रीच्या गर्दीत काळ्या कपड्यातलं मूल दोन पावलांवर दिसेनासं होतं. त्या रात्री मुलांना पिवळा नाहीतर केशरी रंग घाला. कापड सुती हवं. नायलॉन, जॉर्जेट असल्या कापडावर ठिणगी पडली तर ते वितळून कातडीला चिकटतं, सुती कापड झटकता तरी येतं. पायात बंद चप्पल किंवा बूट. ओढणीची, पदराची टोकं खोचलेली.

बसायला आणि पांघरायला सोलापुरी चादर, आणि हे मी गावाच्या अभिमानापोटी सांगत नाही. जाड सूत असतं, खालचा खडा टोचत नाही, रात्री पारा पंधरा-सोळापर्यंत उतरला की आज्जीच्या खांद्यावर तीच येते, आणि दुसऱ्या दिवशी धुतली की बारूदाचा वास जातो. आमची निळी-पांढरी चादर दहा वर्षांची आहे. एका कोपऱ्याला दोन गुंफलेले धागे सुटलेत, तो कोपरा आज्जीचा, कारण अंधारात हाताला लागला की आपली जागा त्यांना कळते. आज्जींना खाली बसवत नसेल तर घडीचं स्टूल न्या, पण मांडायचं ते शेवटच्या ओळीत, म्हणजे मागच्यांना अडथळा नको.

खाणं निघण्याआधी पोटभर. कडक भाकरी, शेंगाची चटणी, दही. भोगीची भाजी उरली असेल तर तीही. बरोबर तिळाच्या वड्या, केळी, प्रत्येकी पाण्याची एक बाटली. शिवाय दोन भरलेल्या बाटल्या वेगळ्या ठेवायच्या आणि त्या प्यायच्या नाहीत. त्या कशासाठी ते पुढे सांगते. कागदात गुंडाळलेल्या बीपीच्या गोळ्या, छोटी बॅटरी, ओला रुमाल, एक जोडी मुलांचे कपडे. झाली पिशवी. ती पाठीवर टाका, दोन्ही हात मोकळे राहिले पाहिजेत.

हरवलं तर

आम्ही एका वर्षी ठरवलं होतं, चुकामूक झाली तर "पाळण्यापाशी भेटायचं". मैदानात पाळणे पाच होते. माझी मुलगी आणि तिचे बाबा दोन वेगवेगळ्या पाळण्यांखाली वीस मिनिटं उभे होते, एकमेकांपासून शंभर पावलांवर. ती वीस मिनिटं मी अजून विसरले नाही.

भेटायची खूण अशी हवी की ती गावात एकच आहे आणि हलत नाही. आमची खूण म्हणजे चार पुतळे. हुतात्मा मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिली. यात्रेच्या सुरुवातीलाच तो दिवस येतो आणि पुतळ्यांना हार घातलेले असतात. दिवसाउजेडी मुलांना तिथे घेऊन जा, चौघांची नावं वाचायला लावा, कोण होते ते सांगा. नावं पाठ झालेलं मूल कुणालाही विचारू शकतं, "चार पुतळा कुठे आहे?" आणि सोलापुरात त्याला कुणीही नेऊन सोडेल.

निघण्याआधी दारातच मुलांचा फोटो काढा, त्या दिवशीच्या कपड्यांत, पायापासून डोक्यापर्यंत. मूल हरवलं की आईला शर्टाचा रंग आठवत नाही, हे खरं आहे. मनगटाच्या आतल्या बाजूला बॉलपेननं मोबाईल नंबर लिहा आणि वरून पारदर्शक पट्टी चिकटवा, घामानं पुसत नाही. आज्जीच्या बटव्यातही तोच नंबर कागदावर. मुलांना सांगून ठेवा: हरवलं तर शोधत फिरायचं नाही, जिथे आहेस तिथेच थांबायचं, आणि मदत मागायची ती पोलिसाला, दुकानदाराला किंवा लेकरू बरोबर असलेल्या बाईला. गर्दीत फोन लागत नाही, पण साधा एसएमएस बऱ्याचदा जातो. मूल सापडत नसेल तर लाजू नका, लगेच पोलीस मदत केंद्र गाठा. ११२ वर फोन करा, मुलांसाठी १०९८ आहे.

जाणं, थांबणं, परतणं

गाडी मैदानाजवळ न्यायचा प्रयत्नच करू नका. ओळखीच्या दारात, रस्ता बंद होतो त्याच्या अलीकडे लावा, तोंड परतीच्या दिशेला करून. उरलेलं अंतर आज्जीच्या पावलांनी चाला. गाण्याचा कार्यक्रम नसेल तर आम्ही सूर्य मावळायच्या आत जागेवर बसलेलो असतो. नंदीध्वज मैदानावर आले की मगच दारूकाम सुरू होतं, त्यामुळे घड्याळाची वेळ धरून बसू नका. त्या मधल्या वेळासाठी गाण्याच्या भेंड्या, तिळाच्या वड्या आणि झोपाळलेल्या मुलाला मांडी.

दारूकाम सुरू झालं की पहिली पाच मिनिटं फोन खिशात ठेवा. मुलांना रंग ओळखायला लावा. लाल असेल तर स्ट्रॉन्शियम, हिरवा असेल तर बेरियम, पिवळा म्हणजे सोडियम, म्हणजे आपल्या मिठातलंच. निळा तांब्याचा, आणि तो जमवणं कारागिरांना सगळ्यात अवघड जातं, कारण आच जरा वाढली की रंग विरतो. खरा गडद निळा दिसला की माझी मुलगी आता उभी राहून टाळ्या वाजवते. तिला ठाऊक आहे त्यामागे कुणाची तरी किती मेहनत आहे.

गर्दी दाटायला लागली तर एक खूण बघा: हात छातीपर्यंत सहज उचलता येत नसेल तर दारूकाम सोडून निघायची वेळ झाली. लोंढ्याच्या उलट जायचं नाही, सरळ रेटायचं नाही, तिरकं तिरकं कडेला सरकायचं. हात कोपरात वाकवून छातीपुढे, मूल कडेवर किंवा पुढे, मागे कधीच नाही. पडलेली चप्पल उचलायला वाकू नका.

सगळं संपलं की सगळे एकदम उठतात. तुम्ही उठू नका. चाळीस मिनिटं तिथेच बसा. हाच आमचा सगळ्यात आवडता वेळ. धूर विरतो, मैदान मोकळं होतं, थर्मासमधला चहा निघतो आणि आज्जी त्यांच्या लहानपणीचं काहीतरी सांगतात. गर्दी ओसरली की चालत पार्क चौपाटीकडे जाऊन गरम डिस्को भजी खा आणि रिक्षा तिथून पुढे जाऊन धरा. बाहेरगावच्यांनी रात्रीची सिद्धेश्वर एक्स्प्रेस धरायचा घाट घालू नये, अर्धं लक्ष घड्याळात राहतं. पुण्याला जायचं असेल तर मुक्काम करून सकाळची हुतात्मा एक्स्प्रेस बरी.

त्या दोन बाटल्या

ठिणगी उडून भाजलं तर ताबडतोब पाणी ओता, थोडं थोडं, सलग. पाण्याची सोय असेल तिथे पोचलात की वीस मिनिटं नळाखाली धरा. बर्फ नको, टूथपेस्ट नको, हळद, तूप, शाई काही नको. सूज यायच्या आत अंगठी, बांगडी काढा. कापड कातडीला चिकटलं असेल तर ओढू नका. स्वच्छ, ओल्या सुती कापडानं हलकंच झाका आणि डॉक्टरकडे न्या. चेहरा, हात, सांधा भाजला असेल किंवा फोड मुलाच्या तळहाताहून मोठा असेल तर घरगुती उपायांत वेळ घालवू नका, १०८ लावा. डोळ्यात राख गेली तर चोळू देऊ नका, पापणी उघडी धरून पाण्याची धार सोडा. खुपणं थांबलं नाही तर त्याच रात्री डोळ्यांच्या डॉक्टरकडे.

घरी आल्यावर मुलांचे हात-पाय-तोंड धुवा आणि कपडे वेगळे भिजवा. सकाळी उठल्यावर प्रत्येकाला विचारा, कानात शिट्टी वाजतेय का. दुसऱ्या दिवशीही वाजत राहिली तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा.

गेल्या वर्षी मी हे विचारलं तेव्हा धाकटा चादरीच्या त्या सुटलेल्या कोपऱ्यात गुरफटून झोपला होता. डोळे न उघडता म्हणाला, "एक." मग थोडं थांबून, "धडाम."